तालुक्याचा वकील नगरसेवक होतो तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या कोर्टात आठ वर्षं दिवाणी आणि थोडीफार फौजदारी कामं करणारे एक तरुण वकील डिसेंबर २०२५ च्या नगरपरिषद निवडणुकीत निवडून आले. ते विचारतात: सनदेला, म्हणजे वकिलीच्या परवान्याला, काही बाधा येते का? नगरपरिषदेशी संबंध येणारे पक्षकार ठेवावेत की सोडावेत? आणि पाच वर्षांनी पद गेलं की ऑफिसात कोणी उरेल का? शेवटचा प्रश्न खरं तर त्यांच्या वडिलांचा आहे.

मी कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी छत्तीस वर्षं वकिली करतो आहे. त्यातली पंधरा वर्षं नगरसेवक होतो, दोनदा बांधकाम समितीचा सभापती. वडिलांची काळजी रास्त आहे. पण तुम्ही एक चौथा प्रश्न विचारायला हवा होता, फीचा. त्यावर मी जास्त लिहिणार आहे.

सनदेचं आधी उरकून टाकतो. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नगरसेवकाला मिळतं ते मानधन. आमदार-खासदारांनी वकिली करावी की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. सप्टेंबर २०१८ मध्ये अश्विनीकुमार उपाध्याय यांच्या याचिकेवर निकाल लागला की लोकप्रतिनिधी हा कोणाचा पूर्णवेळ पगारी नोकर नव्हे, म्हणून हा नियम त्याला लागत नाही. आमदाराला जे चालतं ते नगरसेवकाला नक्कीच चालतं. सनद जमा करायची गरज नाही.

एका बाबतीत मात्र लगेच पाहा. तुम्ही एखाद्या सरकारी पॅनेलवर असाल, सहायक सरकारी वकील असाल, तर ते लाभाचं पद, म्हणजे निवडणुकीला अपात्र करणारं सरकारी पद, ठरू शकतं आणि त्यावरून निवडच आव्हानात येते. या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचे जुने दोन निकाल शेजारी ठेवून वाचा. महादेव विरुद्ध शांतीभाई या प्रकरणात रेल्वेच्या पॅनेलवरचा वकील अपात्र ठरला. त्यानंतर थोड्याच काळात कांता कथुरिया प्रकरणात एका ठरावीक कामापुरत्या नेमलेल्या विशेष सरकारी वकिलाला बहुमताने पात्र ठरवलं. फरक नेमणुकीच्या स्वरूपात आहे. आपली नेमणूक कोणत्या बाजूला पडते याचा विचार करत बसण्यापेक्षा राजीनामा दिलेला बरा. नगरपरिषदेचे पॅनेल वकील असाल तर ते पहिल्याच दिवशी सोडा, आणि चालू प्रकरणांचे कागद पोच घेऊन परत करा.

आता मूळ गोष्ट.

मुंबईत एके काळी कागद तयार करणारा सॉलिसिटर वेगळा आणि कोर्टात उभा राहणारा कौन्सेल वेगळा असे. ती पद्धत १९७०च्या दशकात संपली. मोफसलात, म्हणजे मुंबईबाहेरच्या गावांत, ती कधी नव्हतीच. आपल्याकडे जो कागद लिहितो तोच कोर्टात उभा राहतो, तोच जमिनीच्या मालकीचा शोध घेऊन सर्च रिपोर्ट देतो, तोच साठेखत करतो, आणि घरात भावाभावांचं वाजलं तर वाटणीला तोच बसतो. गावातल्या निम्म्या कुटुंबांची कपाटं आपल्याला माहीत असतात. लोक आपल्याला निवडून देतात ते यासाठीच. अडचणही इथूनच सुरू होते. सकाळी नऊला ऑफिसात येणारा माणूस पक्षकार म्हणून आलाय की मतदार म्हणून, हे त्याचं त्यालाही माहीत नसतं. घरपट्टीची जादा आकारणी घेऊन आलेला माणूस बोलता बोलता खिशात हात घालतो आणि म्हणतो, "वकीलसाहेब, तुमची फी किती?"

त्या क्षणी तुम्ही काय करता, यावर तुमची पाच वर्षं ठरतात.

२०१३ सालचा मनीष त्रिवेदी विरुद्ध राजस्थान सरकार हा निकाल मुळातून वाचा. बांसवाड्याचा एक नगरसेवक लाचेच्या प्रकरणात सापडला आणि आपण लोकसेवक नाही असा त्याचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नगरसेवक हा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली लोकसेवकच आहे. डॉक्टर नगरसेवकाने तपासणीची फी घेतली तर तिचा दुसरा अर्थ कोणी काढणार नाही. किराणा दुकानदाराने साखरेचे पैसे घेतले तर त्याला कोणी विचारणार नाही. वकिलाचं तसं नाही. ज्याचं काम नगरपरिषदेत अडलंय त्याने वकील असलेल्या नगरसेवकाला दिलेल्या पैशांना फी म्हणायचं की आणखी काही, हे पैसे देणाऱ्याच्या जबाबावर ठरतं. तो जबाब तुमच्या हातात नाही.

म्हणून माझा नियम सोपा होता. ज्या कामात नगरपरिषदेचा शिक्का, सही, ठराव, दाखला किंवा नोटीस लागते, त्या कामाची फी नाही. कमी फीसुद्धा नाही. काम करायचं तर नगरसेवक म्हणून, फुकट आणि उघड. वकील लागत असेल तर सांगायचं, "हे काम दुसऱ्या वकिलांकडे न्या," आणि नाव एकच न देता तीन द्यायची. एकच नाव दिलंत की आठवड्याभरात गावात बोललं जातं की अमुक वकील म्हणजे यांचाच माणूस.

हा नियम मला उशिरा सुचला. माझ्या पहिल्या मुदतीतली गोष्ट सांगतो. तिघा भावांच्या वाटपाच्या दाव्यात मी थोरल्याकडून होतो. तडजोड झाली, दावा निकाली निघाला. त्या तडजोडीत बाजारपेठेतला नगरपरिषदेचा एक भाडेपट्ट्याचा गाळा थोरल्याकडे आला. चार महिन्यांनी सर्वसाधारण सभेपुढे गाळा हस्तांतरणाचे सोळा विषय एकगठ्ठा आले, त्यात हा होता. मी यादी वाचली होती, नाव ओळखलं होतं, आणि तरीही इतरांबरोबर हात वर केला. दावा संपलाय, माझा संबंध संपलाय, असं मी मनाशी धरलं. दोन महिन्यांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे माझ्याविरुद्ध अपात्रतेचा अर्ज गेला. चौदा महिने तारखा चालल्या. मी सुटलो, कारण दाव्याच्या निकालाची तारीख ठरावाच्या आधीची होती आणि शेवटच्या हप्त्यासकट सगळ्या फीची पावती त्याहून आधीची होती. पावती फाडण्याची सवय माझ्या सिनिअरांनी लावली होती. ती नसती तर जिल्हाधिकाऱ्यांसमोर माझ्याकडे फक्त माझा शब्द होता.

हा अर्ज ज्या कलमाखाली होता ते कलम ४४. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ हा आता तुमचा रोजचा ग्रंथ आहे. उमेदवारी अर्ज भरताना सगळे कलम १६ वाचतात आणि निवडून आल्यावर पुस्तक मिटतात. कलम ४४ हे मुदत चालू असतानाच्या अपात्रतेचं आहे आणि त्यात वकिलांसाठीच लिहिल्यासारखा भाग आहे. ज्या विषयात आपला स्वतःचा किंवा भागीदाराचा हितसंबंध आहे, किंवा ज्यात आपण कोणाच्या वतीने व्यावसायिक नात्याने गुंतलो आहोत, त्यात नगरसेवक म्हणून वागलात तर अपात्रता. नगरपरिषदेच्या बाजूने किंवा विरुद्ध एखाद्या प्रकरणात व्यवसायाने गुंतलात तरी अपात्रता. इकडे बार कौन्सिलचा नियम ८ सांगतो की ज्या संस्थेच्या कार्यकारी मंडळावर वकील आहे तिच्या बाजूने किंवा विरुद्ध त्याने उभं राहू नये. दोन्ही दारं बंद आहेत. पद एका दाराने जातं, सनद दुसऱ्या.

"विरुद्ध" या शब्दाचा पसारा किती आहे हे सहज ध्यानात येत नाही. नगरपरिषदेवर दावा लावण्याआधीची कलम ३०४ ची नोटीस तुम्ही देणार नाही, हे उघड आहे. पण उशिराच्या जन्मनोंदणीचं घ्या. जन्माला वर्ष उलटून गेलं असेल तर नोंदीसाठी १९६९ च्या कायद्याच्या कलम १३(३) खाली आदेश लागतो. पूर्वी ते अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर चालत आणि तालुक्याच्या वकिलाला त्यातून थोडी का होईना नियमित मिळकत असे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते काम महसुली दंडाधिकाऱ्यांकडे गेलं. अर्ज कुठेही चालो, त्यात समोरचा पक्ष असतो जन्म-मृत्यू निबंधक, आणि शहरात तो नगरपरिषदेचाच माणूस. आपण नगरपरिषदेविरुद्ध उभे आहोत हे त्या अर्जावर सही करताना कोणाच्या मनातही येत नाही. गुंठेवारीच्या, म्हणजे गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या प्लॉटांच्या कामाचं तेच, गाळ्याच्या भाड्याचं तेच. शेजाऱ्याच्या बेकायदा बांधकामाविरुद्ध मनाई मागताना आपण नगरपरिषदेला सहज प्रतिवादी क्रमांक दोन करतो, त्याचंही तेच. हा शेवटचा प्रकार सगळ्यांत फसवा आहे. भांडण दोन शेजाऱ्यांचं असतं, नगरपरिषद नावापुरती असते, पण दाव्याच्या शीर्षकात ती असते.

तेव्हा पहिल्या सभेच्या आधी एक पूर्ण रविवार काढा. कारकुनाला बरोबर घेऊन बसा आणि चालू असलेलं प्रत्येक वकीलपत्र हातात घ्या. नगरपरिषद पक्षकार आहे का, जागा हद्दीतली आहे का, ती विकास योजनेत आरक्षणाखाली आहे का, पक्षकार नगरपरिषदेचा ठेकेदार, भाडेकरू किंवा थकबाकीदार आहे का, एवढं प्रत्येक फाइलच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहा. जी सोडायची ती पक्षकाराला बोलावून, कारण सांगून, उरलेली फी परत देऊन सोडा. दुसऱ्या वकिलांना ना हरकत द्या. मी दुसऱ्या मुदतीच्या आरंभी एकतीस प्रकरणं सोडली. त्या वर्षी मिळकत जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने उतरली. ही झळ घरात आधी सांगून ठेवा, तुमच्या वडिलांनाही.

पाटीचंही आत्ताच पाहा. नियम ३६ प्रमाणे वकिलाच्या पाटीवर किंवा लेटरहेडवर तो कोणत्या संस्थेशी संबंधित आहे हे लिहिता येत नाही. ऑफिसच्या दारावर "ॲडव्होकेट व नगरसेवक" अशी पाटी मी गावोगाव पाहतो. ती चूक आहे. नगरसेवकाचं लेटरहेड वेगळं छापा आणि ते कोर्टाच्या आवारात नेऊ नका. जमलं तर नागरिकांना भेटायची जागाही वेगळी ठेवा. माझी जागा मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर होती, सकाळी साडेसात ते नऊ. उघड्यावर बोलताना माणूस खिशात हात घालत नाही.

आता सभागृहाकडे येतो, कारण लोकांनी तुम्हाला खरं त्यासाठी पाठवलं आहे.

नवीन वकील नगरसेवक पहिल्या सभेत भाषण करतो. मीही केलं. त्याचा उपयोग झाला नाही. सभागृहात वकिलाची खरी किंमत सभेच्या आदल्या रात्री ठरते, विषयपत्रिका वाचताना. सर्वसाधारण सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आधी यावी लागते आणि विषयपत्रिका तिच्याबरोबर असते. बाकीचे नगरसेवक तीत आपल्या प्रभागाचा विषय शोधतात. तुम्ही प्रत्येक विषयाखालची टिप्पणी मागवा. ती तयार नसेल तर लेखी मागवा. निविदेच्या विषयात अंदाजपत्रकाची तारीख आणि तांत्रिक मंजुरीची तारीख पाहा. भाडेपट्ट्याच्या विषयात मुदत पाहा. "यापूर्वीच्या ठरावात दुरुस्ती करणे" अशा शब्दांनी सुरू होणारा विषय दिसला की मूळ ठराव काढून दोन्ही शेजारी ठेवा. माझ्या अनुभवात नगरपरिषदेचं मोठं नुकसान मोठ्या विषयात क्वचितच झालं. ते झालं दुरुस्तीच्या ठरावात आणि ऐनवेळच्या विषयांत.

ऐनवेळचे विषय म्हणजे काय ते तुम्हाला दिसेलच. सभा संपत आलेली असते, चहा आलेला असतो, आणि "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" म्हणून चार ओळी वाचल्या जातात. कागद कोणाच्याच पुढे नसतो. कधी कधी तो विषय सभेत वाचलाच जात नाही आणि इतिवृत्तात मात्र उमटतो. यावर माझ्याकडे एकच उपाय होता आणि तो दरवेळी लागू पडला. सभा चालू असताना मी डायरीत वेळ घालून लिहीत असे: अमुक वाजता अमुक विषय, सूचक अमुक, अनुमोदक अमुक, विरोध अमुक. सभा संपल्यावर त्याच दिवशी मुख्याधिकाऱ्यांच्या आवक विभागात एक पानाचं पत्र जायचं की आजच्या सभेत हे एवढे विषय झाले, अमुक विषयाला माझा विरोध होता, तो कारणासह नोंदवावा. पोच घ्यायची. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना ते पान समोर ठेवायचं. दोन वर्षांत आमच्याकडे इतिवृत्तात न झालेला विषय घुसणं थांबलं. मी कोणावर आरोप केला नाही, कोणाला चोर म्हटलं नाही. फक्त आवक क्रमांक होता.

एखादा ठराव उघड बेकायदा झाला तर कलम ३०८ आहे. लोकहिताविरुद्ध किंवा कायद्याविरुद्ध ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी थांबवू शकतात. पण वकिलाला हे हत्यार सोपं वाटतं आणि तो ते वरचेवर उपसतो. मी पंधरा वर्षांत ३०८ खाली चार वेळा गेलो. ऊठसूट गेलात तर सभागृहात तुमच्याशी कोणी बोलणार नाही आणि बोलून सुटणारे विषयही कागदावर जातील. कलम ५८(२) खाली अध्यक्षांना तातडीचे अधिकार आहेत. त्यावर मात्र कायम नजर ठेवा. पाइप फुटला तर तातडी असते, पण सुशोभीकरणात कसली तातडी? या निवडणुकीत नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडून आले आहेत, त्यामुळे सभागृहातल्या बहुमताचा त्यांच्यावरचा दाब पूर्वीसारखा नाही. लेखी प्रश्न विचारणं त्यामुळे जास्त महत्त्वाचं झालं आहे.

तुमच्या नगरपरिषदेत निवडणुकीआधी काही वर्षं प्रशासक असतील, बऱ्याच ठिकाणी होते. त्या काळातले प्रशासकीय ठराव कोणी सभेत वाचलेले नाहीत, त्यांवर कोणी प्रश्न विचारलेला नाही. ते सगळे मागवून वाचा. कंटाळवाणं काम आहे, पण पुढच्या पाच वर्षांची देणी त्यात बांधलेली असतात.

आणखी एक कागद मागवा, माझ्या आग्रहाखातर मागवा. प्रादेशिक व नगररचना कायदा, १९६६ च्या कलम १२७ खाली आलेल्या नोटिसांची यादी. विकास योजनेत मैदान, बाग, शाळा, रस्ता म्हणून राखलेली खासगी जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर आता चोवीस महिन्यांत संपादनाची कार्यवाही सुरू झाली नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं, आणि जमीन मोकळी होते. आमच्या गावात शाळेमागच्या मैदानाच्या जागेची अशी नोटीस आवक रजिस्टरला नोंदली गेली, एका टेबलवरून दुसऱ्या टेबलवर गेली, मुख्याधिकाऱ्यांची बदली झाली, आणि ती फाइल आमच्यापुढे आली तेव्हा मुदतीचे तीन महिने उरले होते. सभेने घाईघाईने संपादनाचा ठराव केला. मी उभं राहून सांगितलं की गिरनार ट्रेडर्सच्या २००७ च्या निकालाप्रमाणे नुसता ठराव करून प्रस्ताव पाठवणं पुरत नाही, संपादनाची अधिसूचना निघावी लागते. ती निघाली नाही. तिथे आज तीन इमारती आहेत. मुलं अजून नदीकाठच्या मळीत खेळतात, पावसाळ्यात ती मळी पाण्याखाली असते. त्या रजिस्टरच्या पानावर मी वेळीच बोट ठेवलं असतं तर मैदान राहिलं असतं, ही रुखरुख मला अजून आहे. त्यानंतर दर तिमाहीला मी ती यादी लेखी मागवत आलो.

यातला दुसरा धागा वकिलांनाच लागू आहे. या नोटिसा लिहितं कोण? आपल्याच बार रूममधले वकील. तुमच्या एखाद्या पक्षकाराची जमीन आरक्षणात असेल, तर नगरपरिषदेकडे पैसे किती, प्रस्ताव कुठे अडलाय, हे सगळं तुम्हाला आता आतून कळणार आहे. ते ज्ञान पक्षकारासाठी वापरलंत तर गावाशी दगा होतो. ते लपवून त्याचं काम करत राहिलात तर पक्षकाराशी दगा होतो. त्यामुळे आरक्षणातल्या जमिनीचा पक्षकार पहिल्याच रविवारी सोडायचा. पुढे कधी सोडू म्हणालात तर तोपर्यंत तुम्हाला काहीतरी कळलेलं असतं.

तालुक्याचे वकील या कामात नव्याने आलेले नाहीत. १८८२ साली लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, तेव्हापासून नगरपालिकांच्या बाकांवर वकील आहेत. साताऱ्यात वकिली करून पुण्यात आलेले नरसिंह चिंतामण केळकर पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. वल्लभभाई पटेल गोध्रा आणि बोरसदच्या कोर्टांतून तयार झालेले वकील. बॅरिस्टर होऊन आल्यावर १९१७ मध्ये ते अहमदाबाद नगरपालिकेत गेले आणि १९२४ ते १९२८ अध्यक्ष राहिले. त्यांचं नाव घेतलं की बारडोली आठवते. मला त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळातलं गटारांचं आणि पाण्याचं काम जास्त जवळचं वाटतं.

पण ठराव म्हणजे काय हे मी शिकलो ते महाडवरून. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने चवदार तळं अस्पृश्यांना खुलं करण्याचा ठराव केला. ठराव झाला, तळं मात्र बंदच राहिलं. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी तिथलं पाणी घेतलं, आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात महाडच्या दिवाणी कोर्टात बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दावा लागला, तात्पुरता मनाई हुकूम झाला. तळं नगरपालिकेचं की भोवतालच्या लोकांचं, आणि अनादी काळापासूनची म्हणतात ती रूढी पुराव्याने सिद्ध होते का, यावर तो दावा नऊ वर्षांहून जास्त चालला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी रूढी सिद्ध झालेली नाही. आपल्या व्यवसायातले आणि या पदातले सगळे कागद त्या एका प्रकरणात आहेत: ठराव, त्याची न झालेली अंमलबजावणी, तो मागे घेणं, दावा, मनाई, पुरावा, अपील. प्रत्येक नवीन नगरसेवकाला मी हे प्रकरण सांगतो. तुमच्या सभेने केलेला चांगला ठराव सहा महिन्यांनी कुठे आहे हे विचारणारा माणूस सभागृहात एक तरी लागतो, आणि ते काम वकिलाला साधतं, कारण दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावल्याशिवाय हुकूमनाम्याचा उपयोग नसतो हे त्याला माहीत असतं.

पक्षाचं थोडक्यात. १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदा तुम्हाला लागतो. गट नोंदला गेला की पक्षादेश पाळावाच लागतो. म्हणून विरोध करायचा तो पक्षाच्या बैठकीत, सभेच्या आधी, आणि तोही लेखी. माझ्या पक्षाने दोनदा माझं ऐकलं, बऱ्याचदा ऐकलं नाही. पण ज्या विषयात माझा व्यावसायिक संबंध होता त्यात मी आधीच पत्र देऊन बाहेर थांबत असे, आणि तेवढ्यापुरतं पक्षानेही कधी अडवलं नाही.

वेळेची ओढाताण तुम्हाला पहिल्या महिन्यातच कळेल. कोर्टाचा पुकारा अकराला, सभा अकराला. सभेसाठी तारीख घेण्याची सवय लावून घेऊ नका. चाळीस किलोमीटरवरून एसटीने आलेल्या साक्षीदाराला तुमच्या सभेशी काही देणंघेणं नाही. सभेची नोटीस आली की कोर्टाच्या त्या दिवशीच्या बोर्डावरची उलटतपासाची प्रकरणं आदल्या तारखेलाच सांगून पुढे न्या, बाकी ज्युनिअरवर सोपवा. ज्युनिअर हवाच, आणि त्याला कामाचे पैसे द्यायला हवेत. मी सुरुवातीला ही बाब हलक्यात घेतली होती. माझा पहिला ज्युनिअर दीड वर्षात सोडून गेला, आणि त्याचं बरोबर होतं.

प्रभागातल्या गरीब माणसाला कोर्टाचं काम पडलं तर त्याला तालुका विधी सेवा समितीत घेऊन जा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हे अजून किती घरांत माहीत नाही. स्वतः फुकट वकीलपत्र घेण्याचा मोह होतो. एक घेतलंत की तीस येतात, आणि मग ज्याचं घेतलं नाही तो मनात धरतो.

हे पद काढून घ्यायलाही लोक टपलेले असतात. कोणी अर्ज केलाच तर घाबरू नका. उरणच्या नगराध्यक्षांच्या प्रकरणात, रवी यशवंत भोईर विरुद्ध जिल्हाधिकारी, रायगड या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की निवडून आलेल्या माणसाला पदावरून काढताना नैसर्गिक न्यायाची तत्त्वं काटेकोर पाळावी लागतात. तो निकाल जवळ ठेवा. तारखेला स्वतः युक्तिवाद करू नका, दुसरा वकील द्या. स्वतःच्या प्रकरणात आपण आपल्याला हवं तेवढंच वाचतो. माझ्या त्या चौदा महिन्यांत पहिल्या तीन तारखा मी स्वतः चालवल्या आणि तिन्ही वेळा रागाने बोललो.

आता वडिलांचा प्रश्न. पद गेल्यावर पक्षकार उरतात का?

मी चौथ्यांदा उभा राहिलो आणि पडलो. दुसऱ्या दिवसापासून मारुतीचा कट्टा रिकामा झाला. ऑफिसातही पहिले पाच-सहा महिने फार कोणी आलं नाही. नगरसेवक म्हणून येणारे गेले होते आणि वकील म्हणून येणारे मी मधल्या काळात दुसऱ्यांकडे पाठवले होते. त्यातले निम्मे तिकडेच रमले, ते त्यांच्या दृष्टीने योग्यच होतं. त्या महिन्यांत मी नोटरीच्या कामावर घर चालवलं.

मग श्रावणात एक दिवस एक हार्डवेअरचे व्यापारी आले. दहा वर्षांपूर्वी ते गोडाऊनच्या बांधकामाच्या नोटिशीसाठी मोठी फी घेऊन आले होते, आणि मी त्यांना तीन नावं लिहून परत पाठवलं होतं. तेव्हा ते रागावून गेले होते. दोन निवडणुकांत त्यांनी माझ्याविरुद्ध काम केलं. या वेळी त्यांच्या मुलीच्या सासरचा जमिनीचा दावा होता, नगरपरिषदेशी काही संबंध नसलेला. कागद टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, "आता घेता येईल का तुम्हाला?"

मी आधी पेन्सिल घेऊन फाइलच्या आतल्या बाजूला पाहिलं. सवयीने. मग वकीलपत्राचा फॉर्म काढला.